बरणी बंद करण्याआधी: कार्बन आणि उजेडाचा हिशेब

काचेची बरणी, तळाशी चार बोटं माती, दोन लहान रोपं आणि वाटीभर पाणी. झाकण घट्ट लावलं की आतली हवा आत, बाहेरची बाहेर. अशी बरणी जमली तर वर्षानुवर्षं चालते. फसली तर दोन-तीन आठवड्यांत आत बुरशीचा कापूस आणि काळा चिखल उरतो. नर्सरीत ‘टेरॅरियम’ म्हणून ज्या सजवलेल्या काचा मिळतात त्या बहुतेक उघड्या तोंडाच्या असतात, त्यांना वरून पाणी घालावं लागतं. आपल्याला बरणी खरोखर बंद करायची आहे, म्हणून आपलं काम थोडं वेगळं आहे.

नवखी माणसं आधी सामानाची यादी मागतात. ती पुढे येतेच आहे. पण आत काय चालणार आहे ते डोक्यात बसलं नाही, तर यादीतली प्रत्येक वस्तू ‘थोडी जास्त घालू’ असं वाटत राहतं, आणि बरणी नेमकी त्या ‘थोड्या जास्त’ने मरते.

आधी दोन खाती उघडा

बरणीत कार्बन फिरतो आणि ऊर्जा वाहते. दोघांचे हिशेब वेगळे मांडायचे.

कार्बन म्हणजे भिशीचा पैसा. या महिन्यात रक्कम एकीच्या हातात, पुढच्या महिन्यात दुसरीच्या, पण फिरतो तो त्याच बारा जणींत. झाकण लावलं त्या क्षणी बरणीतला एकूण कार्बन ठरला. आज तो हवेत आहे, उद्या पानात, पान गळलं की बुरशीत, तिथून पुन्हा हवेत. ऊर्जेला असं फिरणं नाही. ती उजेड म्हणून काचेतून आत येते, तिचा बारीकसा भाग पान शर्करेत बांधून ठेवतं, मग ती शर्करा कोणीतरी वापरतं आणि शेवटी सगळी ऊर्जा उष्णता होऊन काचेतूनच बाहेर पडते. त्या उष्णतेवर पान पुन्हा काही शिजवू शकत नाही. म्हणून माती, पाणी, हवा एकदाच द्यायची आणि उजेड रोज.

उजेडाचं हे महत्त्व लक्षात यायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. १७७१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी मेणबत्ती विझून गेलेल्या बंद हवेत पुदिन्याची काडी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. वनस्पती हवा सुधारते, असा निष्कर्ष निघाला. पण हाच प्रयोग कधी जमायचा, कधी फसायचा. १७७९ साली यान इंगेनहाउझ यांनी त्याचं कारण दाखवलं: हवा सुधारते ती वनस्पतीच्या फक्त हिरव्या भागांमुळे आणि तीही उजेडातच. अंधारात तेच रोप आपल्यासारखंच ऑक्सिजन घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. श्वसन चोवीस तास चालतं, प्रकाशसंश्लेषण फक्त उजेडात. दिवसाच्या कमाईतून रात्रीचा खर्च निघाला पाहिजे, एवढीच बरणीची अट.

बरणी निवडा

पाच-सहा लिटरची, रुंद तोंडाची, रंगहीन काचेची बरणी घ्या. किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटं ठेवायच्या असतात तसली चालते. पस्तीवाल्याकडेही कधी कधी चांगल्या मिळतात. हात आत जाईल एवढं तोंड हवंच, नाहीतर रोप लावताना चिमटे आणि काड्यांची कसरत करावी लागते. हिरवी किंवा तपकिरी काच नको, ती नेमका पानांना लागणारा उजेड अडवते. लोणच्याची बरणी असेल तर सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुवा, तेलाचा वास पूर्ण गेला पाहिजे. तेल आत राहिलं तर तोही सूक्ष्मजीवांचा खुराक, म्हणजे हिशेबाबाहेरचा कार्बन.

झाकणाला रबराची किंवा सिलिकॉनची रिंग हवी. बरणीत पाणी भरून ती दहा मिनिटं उलटी धरून पाहा. थेंब गळला तर ते झाकण कामाचं नाही.

हवेचा हिशेब करा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. कागद-पेन्सिल घ्या.

सहा लिटरच्या बरणीत माती-खडे घातल्यावर साधारण ४ लिटर हवा उरते. हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग. त्या हिशेबाने ४ लिटर हवेत कार्बन निघतो साधारण ०.८ मिलिग्रॅम. मिलिग्रॅम! आता फिटोनियाचं एखादं लहान रोप धरा, ज्याचं वाळवल्यावर वजन १ ग्रॅम भरेल. त्यातला कार्बन सुमारे ४५० मिलिग्रॅम. म्हणजे ते एक रोप नुसत्या हवेवर घडवायचं तर तशा साडेपाचशे बरण्यांची हवा लागेल. चांगल्या उजेडात असलेली पानं बरणीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड काही तासांत जवळजवळ संपवतात. मग रोप थांबतं. ऊन भरपूर, पाणी भरपूर, पण बांधायला कार्बनच नाही.

तो पुरवठा मातीतून होतो. मातीतले जिवाणू आणि बुरश्या गळलेली पानं, मेलेली मुळं, खताचा चुरा खातात आणि श्वसनातून कार्बन डायऑक्साइड परत हवेत सोडतात. उघड्या बागेत हे लक्षात येत नाही, कारण वारा सतत नवी हवा आणून देतो. बंद बरणीत मात्र पान रोज जे घेतं ते बहुतेक मातीने आदल्या रात्री सोडलेलं असतं. पृथ्वीशी ताडून पाहा: वातावरणात सुमारे ८७० अब्ज टन कार्बन आहे आणि जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला साधारण १२० अब्ज टन प्रकाशसंश्लेषणात घेतात. म्हणजे तेवढा साठा उचलायला त्यांना सातेक वर्षं लागतील. बरणीत तेच काम सकाळपासून दुपारपर्यंत होतं. म्हणून बरणी चंचल असते.

आता उलट बाजू. मातीतूनच कार्बन येतो ना, मग मूठभर जास्त खत घालू या? थांबा, ऑक्सिजनचाही हिशेब करा. ४ लिटर हवेत ऑक्सिजन सुमारे १.१ ग्रॅम असतो. एक ग्रॅम सुकं पान पूर्ण कुजायला साधारण तेवढाच ऑक्सिजन लागतो. एक ग्रॅम म्हणजे आंब्याच्या एका मोठ्या सुक्या पानाइतकं. दोन पानं भराभर कुजली आणि तेवढ्या वेगाने रोपाने ऑक्सिजन परत भरला नाही, तर बरणीतली हवा संपते. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात, माती काळी पडते आणि झाकण उघडताच सडक्या अंड्याचा वास येतो.

तेव्हा किती कुजणार यापेक्षा किती वेगाने कुजणार हे पाहायचं. नारळाचा काथ्या, जुनं मुरलेलं शेणखत, काडीचा तुकडा हे सावकाश कुजतात आणि रोपाला पुरेल तेवढाच कार्बन हळूहळू सोडत राहतात. ताजी पानं, फळांच्या साली, चहाचा चोथा, ओलं शेण एकदम पेट घेतात. ते बरणीत नकोत.

हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडून गेली आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात ओरॅकल गावाजवळ बायोस्फिअर-२ नावाची काचेची प्रचंड बंद इमारत आहे, सव्वा हेक्टरहून थोडी मोठी. आत पावसाळी जंगल, छोटा समुद्र, शेती. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसं तिच्यात शिरली, ती दोन वर्षांनी बाहेर आली. मधल्या काळात ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून उतरत उतरत साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आला. इतकी विरळ हवा चार हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असते. माणसांना दम लागू लागला, आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कारण शोधल्यावर समजलं, की शेतीसाठी जाणूनबुजून घातलेली खतावलेली माती जोरात श्वास घेत होती. पण मग कार्बन डायऑक्साइड तेवढाच वाढायला हवा होता, तो तितका का वाढला नाही? तो इमारतीच्या काँक्रीटने शोषला होता. त्यातल्या चुन्याशी संयोग पावून त्याचं कॅल्शियम कार्बोनेट झालं, आणि त्याबरोबर ऑक्सिजनही भिंतीत अडकला.

आपल्यासाठी यात दोन सूचना आहेत: खत बेताने, आणि बरणीत सिमेंट-चुना अजिबात नको. बांधकामाजवळची खडी उचलून आणायची आणि तिला सिमेंटचा लेप असायचा, हे सहज होतं.

थर भरा

तळाशी दोन सेंटिमीटर धुतलेले खडे. जास्तीचं पाणी इथे उतरतं, मुळं त्यात बुडत नाहीत. खड्यांवर कोळशाच्या चुऱ्याचा पातळ थर. इस्त्रीवाल्याच्या लारीवरून मूठभर न जळलेला लाकडी कोळसा मागून घ्या, तो कुटून धुऊन वापरा. वास थोडाफार शोषण्यापुरता त्याचा उपयोग. नसला तरी बरणी चालते. गंमत अशी, की कोळसा जवळजवळ सगळा कार्बनच आहे, पण त्याला जिवाणू सहसा हात लावत नाहीत, त्यामुळे तो बरणीत असूनही फेऱ्यात नाही. तो लवकर कुजेल आणि हवा बिघडवेल ही भीती नको.

मग माती, पाच-सहा सेंटिमीटर. बडोद्याच्या आसपासची काळी माती एकटी वापरू नका. ओली झाली की ती फुगून गच्च बसते आणि आत हवा जात नाही. चरोतरच्या (आणंद-नडियादच्या) बाजूची गोराडू, म्हणजे भुसभुशीत रेताड माती मिळाली तर उत्तम. नाहीतर बागेतली माती दोन भाग, जाड वाळू एक भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, आणि मुरलेलं खत या सगळ्यात मिळून दोन चमचे. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठची माती आणायला कोणी जाणार असेल तर मगरींचं सोडा, ती माती सांडपाण्याने भारलेली असते. पुरानंतर सोसायटीत साचलेला गाळही तसाच. बागेतली माती ओव्हनमध्ये भाजून ‘शुद्ध’ करू नका. मातीतले जिवाणू मारले तर कार्बन परत हवेत कोण सोडणार?

रोपं आणि किडे

हळू वाढणारी, ओलावा आवडणारी, कमी उजेडात तग धरणारी रोपं घ्या: फिटोनिया, लहान पानांचा पेपरोमिया, छोटे नेचे. तीन पुरे. मनीप्लांट दोन महिन्यांत काचेला चिकटून बरणी भरून टाकतो. निवडुंग आणि मांसल पानांची रोपं दमटपणात सडतात. तुळस नको, तिला भरपूर ऊन आणि वारा लागतो.

वरच्या मोकळ्या मातीवर मॉस पसरा. पावसाळ्यात दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवर, विहिरींच्या कठड्यांवर ते हिरवंगार माजतं. पातळ सुरीने खरवडून काढा. जुन्या गिलाव्याचे कण त्याला चिकटून आले तरी हरकत नाही, त्या चुन्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड केव्हाच पिऊन झालेला असतो. कोणाच्या घराची भिंत असेल तर विचारून घ्या, एवढंच.

किड्यांत एकच हवा: स्प्रिंगटेल. गांडूळखताच्या ओल्या ढिगात हात घातला की पांढरे, तिळाहून बारीक, टुणकन उडणारे जे किडे दिसतात ते. चमचाभर खताबरोबर आपोआप येतात. ते बुरशी खातात, त्यामुळे पहिल्या आठवड्यांतला बुरशीचा कापूस आटोक्यात राहतो. त्यांच्या वरचा, त्यांना खाणारा कोणी मात्र नको. १९४२ साली रेमंड लिंडमन यांनी अमेरिकेतल्या एका तळ्याचा अभ्यास करून दाखवलं, की खाणाऱ्यांच्या प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा बहुतांश भाग गळून जातो. ढोबळमानाने दहावा हिस्साच वर चढतो असं नंतर धरलं जाऊ लागलं. पान, बुरशी, स्प्रिंगटेल, एवढ्यातच बरणीची ऊर्जा संपते. गोगलगाय रोपं फस्त करते. गांडुळाला ही जागा फार लहान. पाण्याची बंद बाटली करून तिच्यात मासा ठेवणारेही असतात. तो गुदमरून मरतो, तसं करू नका.

पाणी घाला, झाकण लावा, वजन करा

नळाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा, क्लोरीन उडून जाईल. पावसाचं पाणी मिळालं तर सगळ्यात चांगलं. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी वापरू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात, आणि बंद बरणीतून क्षार बाहेर जायला वाट नाही.

माती मुठीत आवळली की गोळा व्हावा आणि बोटांतून थेंब गळू नये, इतकीच ओली. हे पाणी आयुष्यभराचं आहे. कमी पडलं तर चमचाभर घालता येतं, जास्त झालेलं काढणं महाकठीण, तेव्हा हात आखडता ठेवा.

आता झाकण लावा, बरणी बाहेरून कोरडी पुसा आणि डिजिटल काट्यावर ठेवा. तारीख आणि वजन एका चिठ्ठीवर लिहून तळाला चिकटवा. बरणी मातीसकट चार-पाच किलो भरते, म्हणून १० किलोपर्यंतचा, एकेक ग्रॅम दाखवणारा काटा हवा.

वजन कशासाठी? महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तोला. आत नवी पानं फुटली असतील, मॉस पसरलं असेल, एखादा नेचा दुप्पट झाला असेल, आणि काटा तोच आकडा दाखवेल. रोपाचं वाढलेलं वजन मातीतून, पाण्यातून आणि हवेतून आलं, तेवढंच तिथून कमी झालं. ऊर्जा मात्र रोज आली आणि रोज गेली, काट्याला तिचा पत्ताही लागला नाही. आकडा दर महिन्याला उतरत असेल तर झाकणातून वाफ गळते आहे, रिंग बदला.

जागा ठरवा

बडोद्यात बरण्या बुरशीपेक्षा जास्त उन्हाने मरतात. काच उजेड आत सोडते, पण आत तापलेल्या मातीची उष्णता बाहेर पडायला अडवते आणि वाराही लागू देत नाही. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना थेट उन्हातली बंद बरणी अर्ध्या तासात पानं उकडून काढते. अगाशीवर तर कधीच नको, उत्तरायणाच्या दिवशी पतंग पाहायला सगळे वर गेले आणि कोणी कौतुकाने बरणीही वर नेली, असंही नको.

तापमानाचा हिशेबावरही परिणाम होतो. साधारण १० अंश वाढले की श्वसनाचा आणि कुजण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, प्रकाशसंश्लेषण मात्र तेवढं वाढत नाही, आणि फार गरम झालं की उलट मंदावतं. म्हणजे उन्हाळ्यात खर्च दुप्पट आणि कमाई तेवढीच. एप्रिल ते जून बरणी घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवा.

उत्तरेची खिडकी सगळ्यात सुरक्षित, फक्त उन्हाळ्यात तिथे सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं ते पाहा. पूर्वेची चालेल, पातळ पडदा लावून. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलवर आत येतं. २२ डिसेंबरला बडोद्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४४ अंशांवर असतो. पश्चिमेची खिडकी विसरा.

सावलीत ठेवताना दुसरं टोकही गाठू नका. आपल्या डोळ्यांना खोलीच्या मधोमध ‘चांगला उजेड’ वाटतो, पण तिथे तो १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, भर उन्हात लाखाच्या घरात. रोपाला दिवसभर हजार-दीड हजार लक्स तरी हवा. मोबाइलवर लक्स मोजणारी ॲप आहेत, ढोबळ अंदाजाला पुरेत. खिडकी नसेल तर ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब वीतभर अंतरावर रोज दहा तास लावा. असा बल्ब दहा तासांत ३२४ किलोज्यूल वीज खातो, आणि १ ग्रॅम शर्करेत साठते सुमारे १६ किलोज्यूल ऊर्जा. तरी रोप दिवसाला ग्रॅमभर शर्करेच्या आसपासही पोचत नाही. बरीचशी वीज बल्बमध्येच उष्णता होते, बराचसा उजेड पानांवर पडतच नाही, आणि जो पडतो त्यातलाही बहुतांश पानाला बांधता येत नाही. उघड्या शेतातली पिकंसुद्धा वर्षभरात मिळालेल्या सूर्यप्रकाशातला साधारण एखादा टक्काच साठवतात.

पहिला महिना: काचेकडे पाहा

सकाळी काचेच्या गार बाजूला बारीक दव आणि दुपारपर्यंत काच स्वच्छ: पाणी बरोबर आहे. दिवसभर सगळी काच धुक्याने भरलेली: पाणी जास्त, झाकण दोन दिवस किलकिलं ठेवा. दव अजिबात नाही आणि मॉस कुरकुरीत दिसतंय: दोन चमचे पाणी.

पांढरी बुरशी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येणारच. हलवाहलवीत मेलेली मुळं आणि मोडलेली पानं कुजत असतात, तोच हा काळ. तिला पुसून काढायची घाई नको. ती पसरून जिवंत पानांवर चढली तरच त्या पानांसकट काढा. एक-दोन जुनी पानं पिवळी पडून गळतील, तीही आतच राहू द्या. तो कार्बन पुढच्या पानाचा आहे. काचेवर हिरवा चिकट थर येत असेल तर उजेड जास्त होतोय. रोपं लांबुडकी, फिकट, खिडकीकडे झुकलेली असतील तर कमी. बरणी दर आठवड्याला पाव फेरा वळवली की झुकणं थांबतं.

माती खरंच श्वास घेते का, ते पाहायचं असेल तर

हा प्रयोग वेगळ्या दोन छोट्या बरण्यांत करा, मुख्य बरणीत नाही. पानाच्या गादीवरून आणलेला चिमूटभर चुना पेलाभर पाण्यात ढवळा, रात्रभर झाकून ठेवा आणि वरचं नितळ पाणी अलगद ओता. ही शाळेतली चुन्याची निवळी. डोळ्यांत जाऊ देऊ नका, मुलं करत असतील तर मोठ्यांनी सोबत बसावं. एका बरणीत दोन मुठी ओलसर मुरलेलं खत, दुसरीत तेवढीच धुतलेली ओली वाळू. दोन्हींत वर बाटलीच्या झाकणात थोडी थोडी निवळी ठेवा, बरण्या बंद करून कपाटात सरकवा.

दुसऱ्या दिवशी खताच्या बरणीतल्या निवळीवर पांढरी पापडी धरलेली दिसेल. काडीने टोचली तर तिचे पातळ पापुद्रे होऊन तळाशी बसतात. ते कॅल्शियम कार्बोनेट. वाळूच्या बरणीत मात्र जेमतेम साय, कारण तिथे फक्त कोंडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड होता. बायोस्फिअर-२ च्या भिंतींत झालं ते हेच. निवळी मुख्य बरणीत ठेवू नये तेही यामुळेच: पापडीत अडकलेला कार्बन पुन्हा पानाकडे जात नाही.

उघडावी लागली तर

रोप काचेला टेकलं, पान काचेवर सडू लागलं, की छाटणी करा. छाटलेलं सगळं आत टाकू नका, एकदम कुजेल. एखादं पान आत ठेवा, बाकीचं बाहेर. मात्र दरवेळी छाटून बाहेर टाकलेल्या पानांबरोबर कार्बन, नायट्रोजन, खनिजंही बाहेर जातात. वारंवार छाटावं लागत असेल तर रोपाची निवड चुकली आहे. ते काढून हळू वाढणारं लावा. खत घालून वेग वाढवायचा मोह टाळा.

उघडताना आधी वास घ्या. पावसानंतरच्या मातीसारखा आला तर आत सगळं ठीक. आंबूस किंवा सडका आला तर झाकण आठवडाभर उघडं ठेवा, मातीत काडीने खोल भोकं पाडा, तळाशी पाणी साचलं असेल तर पिचकारीला नळी लावून ओढून काढा. बंद केल्यावर पुन्हा तोला आणि जुन्या चिठ्ठीखाली नवी तारीख नि नवं वजन लिहा; मागचा आकडा आता उपयोगाचा नाही.